एक मीटर अडतीस

रविवार, १ सप्टेंबर

आलो एकदाचे. ट्रकवाल्यानं कपाट जिन्यात अडकवलं. ह्यांनी त्याला सूचना दिल्या, त्यानं ह्यांना दिल्या, कपाट जागच्या जागी. शेवटी मीच दोघांना बाजूला सारलं आणि कपाटाचे दरवाजे काढायला लावले. पाच मिनिटांत वर. हे म्हणाले, तुला हमालांची म्होरकी करायला हवं. मी म्हटलं, चौदा वर्षांनी कळलं का तुम्हाला.

घर गिरणीच्या वसाहतीतलं आहे. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला सज्जा. घर माझ्या नोकरीचं आहे हे मी ह्यांना आत्तापर्यंत चारदा ऐकवून झालंय. ह्यांचं काय, यंत्रं बसवायची आणि पुढच्या गावाला जायचं, कुठूनही निघालं तरी सारखंच. आमचं पोरगं, मुंगूस, तर आल्यापासून बिळं शोधत फिरतंय. सात वर्षांचा झाला तरी एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. म्हणून तर मुंगूस. पलंगाखालून त्याला जुनं बटण सापडलं, ते खिशात. शाळा वसाहतीच्या मागेच आहे, रस्ता ओलांडला की आली.

ही वही ह्यांनी आणली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मनात येईल ते लिहून टाकत जा, डोक्यात साठवू नका. तिकडे दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही. इथं लिहिणार आहे.

संध्याकाळी हे पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेले. म्हणाले, नवी चौकट आहे, मुंगसाची उंची लिहून ठेवू. मी म्हटलं, नंतर. त्यांनी पेन्सिल खिशात घातली. जुन्या घरी दोन रांगा होत्या, एक मुंगसाची आणि एक त्याच्या ताईची. ते घर आता दुसऱ्यांचं झालं. रंग देताना त्यांनी दोन्ही पुसल्या असतील.

पण आज दिवस चांगला गेला. हे मुद्दाम लिहून ठेवते.

सोमवार, २ सप्टेंबर

कामाचा पहिला दिवस. सात ते तीन. तपासणी खात्यात सहा मेजं आहेत, प्रत्येकाला तिरकी काच आणि काचेखाली दिवा. वरून पांढरं कापड उतरतं, काचेवरून सरकतं, खाली गुंडाळलं जातं. पायानं पट्टी दाबली की चालतं, पाय उचलला की थांबतं. आपण फक्त बघायचं. गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग, भोक. दिसलं की थांबायचं, काठाला लाल दोरा बांधायचा, किती मीटरवर ते वहीत लिहायचं आणि पुढे.

मुकादम सावकाश बोलणारा माणूस आहे, शब्द मोजून देतो. त्यानं एकच नियम तीनदा सांगितला. दोष एकदा आला तर तो योगायोग, दोरा बांधा आणि विसरा. तोच दोष त्याच काठाला, त्याच अंतरानं तीनदा आला तर ताबडतोब घंटा वाजवायची. कारण मग तो कापडाचा दोष नसतो. वर कुठल्यातरी रुळाला काही लागलेलं असतं आणि रूळ फिरेल तसा तो कापडावर छापत राहतो. तेव्हा कापडाला विचारत बसायचं नाही, रुळाला विचारायचं. घंटा वाजवायला उशीर केला तर शेकडो मीटर चिंध्यांत जातात.

शेजारच्या मेजावर मावशी आहेत. सव्वीस वर्षं इथंच. गालात सतत पेपरमिंट, त्यामुळे काय बोलतात ते निम्मं कळतं आणि निम्मं ओळखावं लागतं. त्यांनी माझं लग्न, मूल, रक्तदाब सगळं पहिल्या तासात विचारून घेतलं. मुलं किती, या प्रश्नाला मी एक म्हटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच एक म्हटलं.

सुटताना मुकादम म्हणाला, तुमचे डोळे चांगले आहेत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढे दोष दिसत नाहीत म्हणे. बरं वाटलं, आणि मग वाटलं, हे डोळे तेव्हा कुठे गेले होते.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मान दुखते, पण काम आवडतंय. मावशी म्हणतात की कापड फार वेळ बघितलं की त्यात माणसं दिसायला लागतात, सगळ्यांना दिसतात, घाबरायचं काही कारण नाही. त्यांना एकदा मिशांसकट स्वतःचे दीर दिसले होते. दोरा बांधावा की नाही असा प्रश्न पडला म्हणे, कारण दिरांइतका मोठा दोष वहीत लिहायला रकाना नव्हता. मी हसून हसून बेजार. डोळ्यांना काम हवं असतं, त्या म्हणाल्या. समोर काही नसलं की ते स्वतःच काहीतरी करून ठेवतात. असं झालं की डोळे मिटायचे, दहा मोजायचे, उघडायचे. जातं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मी इतकी हसत बोलतेय म्हणून हे माझ्याकडे बघतच राहिले.

रविवार, ८ सप्टेंबर

आज मुंगसानं विचारलं, ताईला हे घर माहीत आहे का. मी भांडी घासत होते, तशीच घासत राहिले. ह्यांनी त्याला खाली खेळायला नेलं.

एकदा लिहूनच टाकते. बाई म्हणाल्या होत्या लिहा म्हणून.

ताईचं पोट दुखायला लागलं तो गुरुवार होता. शुक्रवारी तिची गणिताची परीक्षा. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. शुक्रवारी ती उलटी करून आली, मी म्हटलं, परीक्षेच्या भीतीनं झालं. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं होतं. तिनं बोट ठेवून मला दाखवलंसुद्धा. मी शेकायला पिशवी दिली. शनिवारी सकाळी ताप. आणि दुपारी दुखायचं थांबलं. अचानक, आपलं आपण. उठून बसली, हसली, आई बिस्किट दे म्हणाली, दुधात बुडवून. मी दिलं. माझा जीव भांड्यात पडला. मी ह्यांना फोन करून सांगितलं की पोरगी ठणठणीत आहे, उगाच घाबरलो.

संध्याकाळी पोट फळीसारखं ताठ झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आत फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं. ते थांबणं हेच सगळ्यात वाईट लक्षण. सोमवारी पहाटे ती गेली. दहा वर्षं आणि तीन आठवड्यांची होती.

सगळी लक्षणं माझ्यासमोर होती, एकामागे एक, हात लांब करून घ्यावीत अशी. मी ती जोडली नाहीत. एवढंच आहे. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज एक विचित्र प्रकार झाला.

मंगळवारी एका ताग्यात उजव्या काठाला दोष आला होता. चार-पाच धागे तुटलेले, एकाखाली एक, थोडे थोडे सरकलेले. हुबेहूब पायऱ्या. दोरा बांधला, पुढे गेले. पण ते डोळ्यांसमोरून हलेना. आज सकाळी मुंगसाला जरा सर्दी होती, एरवी पाठवला असता. ह्यांना सुट्टी होती, म्हटलं राहू दे आज घरी.

दुपारी कळलं की शाळेच्या जिन्यावरून ह्याच्याच वर्गातला मुलगा पडला. मनगट मोडलं.

ह्यांना सांगितलं तर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून शांतपणे समजावलं. शाळेत सहाशे पोरं आहेत, रोज कुणी ना कुणी पडतच असतं. पोरगा जिन्यावर पडला म्हणून तुला पायऱ्या आठवल्या. झोपाळ्यावरून पडला असता तर त्याच कापडात तू झोपाळा शोधला असतास. आणि आपलं कार्टं तर घरीच पलंगावरून दोनदा पडलं, ते कुठल्या ताग्यात आलं होतं ते सांग.

हसले मी. खरंच आहे त्यांचं. तरी तो तागा किती नंबरचा होता ते वहीत बघून आले. सतरा. ताई सतरा तारखेला गेली.

हेही ह्यांना सांगणार होते, नाही सांगितलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

हे आज गेले. बारा दिवसांचं काम, यंत्र मोठं आहे. जाताना मला म्हणाले, कापडात काय दिसेल ते मावशींना सांग, मुंगसाला नको. त्याच्या गालाची पापी घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान आहे का.

वहीच्या मागच्या पानावर मी थोडी टिपणं करते आहे. विशेष काही नाही. कुठला दोष कुठल्या काठाला आला आणि त्या दिवशी काय झालं, एवढंच. उजव्या काठाचे दोष आणि बाहेरच्या गोष्टी जुळतात असं दिसतंय. पाण्याची टाकी फुटली, वसाहतीतल्या कुत्र्याला गाडीनं उडवलं. डाव्या काठाला आलं तर घरात काहीतरी, दूध नासलं, कप फुटला. सात वेळा जुळलं. चार वेळा नाही जुळलं, ते मी लिहिलेलं नाही, कारण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

अक्षर वेडंवाकडं येईल.

दहाच्या सुमारास उजव्या काठाला एक खूण आली. नखानं ओरखडल्यासारखी, बारीक, वाकडी. एक्केचाळीस मीटर बारा सेंटिमीटर. दोरा बांधला. लगेच दुसरी, तशीच. बेचाळीस पन्नास. तिसरी, त्रेचाळीस अठ्ठ्याऐंशी. घंटेची दोरी डोक्यावरच असते, हात वर गेला. आणि मग मी वहीत वजाबाकी केली.

एक मीटर अडतीस.

मेजाच्या कडेला पितळी पट्टी आहे, तिच्यावर कापड धरून मोजलं. एक मीटर अडतीस. डोळे मिटले, दहा मोजले, उघडले. एक मीटर अडतीस.

दहाव्या वाढदिवसाला ताईला चौकटीला उभी केली होती. ती टाचा उचलत होती, मी दटावून खाली टेकवायला लावल्या, नाहीतर चाळीस भरली असती. ह्यांनी पेन्सिलनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, १३८. तिची शेवटची रेघ.

घंटा नाही वाजवली. पायपट्टी दाबली. कापड चालू झालं आणि ती परत आली, आणि परत, डोक्यापासून पायापर्यंत, एकामागे एक. दिवसभर ती माझ्या हाताखालून जात होती. मी एकही दोरा बांधला नाही. लाल दोरा तिला कशाला बांधू.

मावशींनी विचारलं, डोळ्यांत पाणी का. मी म्हटलं, दिव्याचा त्रास होतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मला ठाऊक आहे की रुळाचा दोष असेल. मी काही खुळी नाही. पण जगात इतके रूळ, इतकी अंतरं. नव्वद असतं, दीड मीटर असतं. अडतीसच का, माझ्याच मेजावर का, हे गेल्यावरच का. याचं उत्तर कुणाकडे आहे का.

ती उगाच येणार नाही. ती काहीतरी सांगायला येतेय, आणि तिला सांगण्यासारखं आमच्याकडे एकच आहे, तिचा भाऊ. खूण उजव्या काठालाच आहे. दर वेळी उजव्या. म्हणजे बाहेर. बाहेर काहीतरी आहे.

आज शाळेत पाठवलं नाही. डबा भरून ठेवला, चित्रांची वही दिली, बाहेरून कुलूप लावून गेले. मधल्या सुट्टीत धावत येऊन बघून गेले. शहाण्यासारखा बसला होता. मुंगूस शहाण्यासारखं बसलेलं बघून खरं तर मला बरं वाटायला हवं होतं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

अजून तीच खूण. चार दिवस शाळा नाही. आता विचारायचं त्यानं सोडून दिलंय, खिडकीला नाक लावून बसतो. काचेवर वाफ धरते आणि त्यात तो बोटानं रेघा ओढतो. आज विचारलं, काय काढतोस. म्हणाला, काही नाही, नुसत्या रेघा. मी मोजल्या. मग त्यालाच विचारलं, तेराच का काढल्यास. तो रडायला लागला.

जवळ घेतला. माझं चुकलं, मी त्याला म्हटलं. काय चुकलं ते सांगता येईना.

ह्यांचा फोन. मी सांगितलं, शाळेत जातो, मजेत आहे. मुंगूस शेजारी उभा राहून ऐकत होता. खोटं बोललीस असं काही म्हणाला नाही. फोन त्याच्याकडे दिला तर म्हणाला, बाबा, शाळा छान आहे. माझ्यासाठी बोलला. सात वर्षांचं पोर.

बुधवार, २५ सप्टेंबर

उघडकीला आलं. शिवणखात्यातून कापड परत आलं, एकोणीसशे मीटर. सगळं माझ्या मेजावरचं.

मुकादम ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खुर्ची ओढून मला बसवलं, पाणी दिलं. रुळाला चरा पडलाय म्हणाला. तुमच्या डोळ्यांतून हे सुटणं शक्य नाही, मग घंटा का वाजवली नाहीत. मी सांगितलं. सगळं सांगितलं, उंची, सतरा नंबर, पायऱ्या. त्यानं मेजाचा दिवा बंद केला. मग म्हणाला की त्याचा भाऊ गेला तेव्हा त्याला सहा महिने सगळ्या गाड्यांच्या पाट्यांवर भावाच्या जन्मतारखेचे आकडे दिसायचे. दिसतात, म्हणाला. आपण शोधत असतो म्हणून दिसतात. दोन आठवडे घरी राहा. नवा रूळ शनिवारी येतोय, तोवर हाच चालवायचा आणि खुणेचा काठ कापून टाकायचा.

मी त्याला विनवलं, रूळ बदलू नका. हे त्याला अगदीच अनपेक्षित होतं. त्यानं मावशींना बोलावून मला घरापर्यंत पोचवायला सांगितलं.

वाटेत मावशींच्या तोंडात पेपरमिंट नव्हतं. मी त्यांना हात जोडून सांगितलं, रोज येऊन सांगा, खूण येते का ते. त्या म्हणाल्या, सांगेन गं बाई, पण पोराला जरा उन्हात खेळू दे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दिवसभर घरी. कापड नाही. हात रिकामे.

फरशीवरच्या भेगा मोजल्या. कशाशीच जुळत नाहीत.

संध्याकाळी मुंगसानं जेवण बाजूला सारलं. पोट दुखतं म्हणाला.

गुरुवार आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

उलटी झाली. दुखणं उजवीकडे सरकलंय. कुठे ते बोट ठेवून दाखवलं. मी न विचारता.

मला कळतंय. या वेळी सगळं कळतंय. एक एक लक्षण ओळखलंय, जोडलंय, सुटलेलं काही नाही. दवाखाना चौकापलीकडे. बाहेर पडून उजवीकडे.

उजवीकडे.

ताईलाही बाहेर नेली होती. उचलून, माझ्या हातांवर. परत आली नाही.

तीनदा चपला घातल्या. तीनदा दारापर्यंत. तिसऱ्यांदा तो माझ्या खांद्यावर होता, मान टाकून, आणि कडी काढता येईना. हाताला कडी काढता येईना. परत आणून निजवला.

तीनला मावशी आल्या. खूण येतेच आहे म्हणाल्या, उद्या रूळ बदलला की जाईल. मुंगसाकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. आत्ताच्या आत्ता ने, मी येते बरोबर. मी म्हटलं, हे येतायत तासाभरात, आले की नेऊ. सहज म्हटलं. त्यांचा विश्वास बसला. मी कधीपासून इतकं छान खोटं बोलायला लागले.

खूण येतेच आहे. म्हणजे अजून नाही. ती सांगेल तेव्हा. ती थांबली की लगेच. उचलून धावत.

ताई, लवकर सांग गं.

शनिवार, २८ सप्टेंबर. सकाळी

ताप. पाय पोटाशी घेऊन पडलाय. आई म्हणतो आणि गप्प होतो. माझ्याकडे बघतो. रागावत नाही. रागावला असता तर—

हे उद्या यायचे. ह्यांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला नाही. लागला असता तर ते म्हणाले असते, ने.

अकरा

रूळ आला असेल का. कुणाला विचारू. खिडकीतून गिरणीची भिंत दिसते, नुसती भिंत.

त्याचा हात गरम. माझ्या बोटाला धरून. डॉक्टरीणबाईंचा नंबर सापडला, आकडे बघितले— नाही, आकडे नको. आकडे बघायचे नाहीत.

बारा वाजून दहा

थांबलं. दुखायचं थांबलं म्हणतो.

लिहायची भीती वाटते.

डोळे उघडे आहेत. कण्हत नाही.

साडेतीन

मावशी आल्या होत्या. आत घेतलं नाही, दारातूनच. बाराच्या ठोक्याला नवा रूळ बसला. त्यानंतर तीन तागे बघितले त्यांनी, दुधासारखे स्वच्छ. एक ओरखडा नाही. मुंगूस कसा आहे, विचारलं. बरा आहे म्हटलं, दुखायचं थांबलं. त्यांनी मला जवळ घेतलं. दोघी रडलो.

बाराला रूळ. बाराला दुखणं थांबलं. एकाच वेळी. आता कुणी म्हणा योगायोग.

ते थांबणं वेगळं होतं. तेव्हा कापड नव्हतं सांगायला. हे थांबणं तिनं सांगितलेलं आहे. गेली ती, काम झालं आणि गेली. माझी शहाणी पोरगी.

दार उघडलं. सज्ज्याचं, पुढचं, दोन्ही. वारा आला. सोमवारपासून शाळा. ह्यांना सगळं खरं सांगेन, ते रागावतील, रागावू देत. पेन्सिल सापडली, ह्यांच्या जुन्या शर्टाच्या खिशात. उभा राहिला की चौकटीशी उंची मोजणार आहे त्याची, पहिली रेघ. दीड वर्षात इतकं हलकं—

हाक मारतोय. आले रे—

उठून बसलाय. हसला. बिस्किट मागतोय.

दुधात बुडवून.

दुधात— त्याला कुणी सांगितलं— तो तर तेव्हा—

पोटाला हात लावला. फळी.

कापड नाही. कापड कधीच नव्हतं. तेच परत, त्याच वारी, त्याच अंतरानं, माझ्याच हाताखालून— मुकादमानं तीनदा सांगितलं होतं, कापडाला विचारायचं नाही, रुळा—

चपला— मुंगसा, ऊठ बाळा, धर मला, मान धर, घट्ट ध